लाल मातीत लाल तेल

आमचा गणपती दीड दिवसाचा, बायकोच्या माहेरचा अकरा दिवसांचा. त्यामुळे दरवर्षी आमचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नेवऱ्यांचा (म्हणजे करंज्यांचा) डबा घेऊन चोर्ला घाटाने बेळगाव. यंदा केरी सोडून चढाला लागलो आणि तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. इंजिन बोंबलतंय, आरपीएमचा काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर, आणि गाडीची चाल बैलगाडीची. पाय काढला, परत हळूच दाबला, तेव्हा आत कुठेतरी खट्कन पकडलं आणि गाडीने असा हिसका दिला की मागे मुलीच्या मांडीवरचा डबा थेट माझ्या सीटला येऊन लागला.

पुढचा रस्ता सरळ झाला आणि गाडी एकदम शहाण्यासारखी. पुढचं वळण आलं, परत तेच.

"अहो, परत फिरूया. नेवऱ्या काय, इथेही खाता येतात."

फिरलो. लिव्हर खालच्या गिअरला ठेवून हळूहळू उतरलो आणि गोव्यातल्या साखळी गावी, घरी आलो.

गाडी बारा वर्षांची, चार गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारी. पणजीच्या बाजूच्या एका गॅरेजला फोन लावला. त्याने दोन वाक्यं ऐकली आणि सांगून टाकलं की क्लचच्या प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उघडावा लागेल, पंच्याऐंशी हजार धरून चला. मी कोकणीत विचारलं, "तेल पळयलें बगर?" (तेल न बघताच?) तर म्हणे ऑटोमॅटिकमध्ये तेल बघायचं नसतं, ते कायमचं असतं.

कायमचं! मी चौदा वर्षं खाणीवर एक्स्कॅव्हेटरचं हायड्रॉलिक सांभाळलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा हातातला पाना सुटला, पण एक गोष्ट डोक्यात पक्की राहिली: यंत्र सरळ उभं असताना नीट चालतं आणि कललं की दम सोडतं, तर आधी टाकीतलं तेल बघ. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे शेवटी हायड्रॉलिकच. पंप तेल ओढतो, त्या तेलाच्या दाबाने क्लचच्या प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात. तेल कमी असेल तर चढावर, वळणावर ते गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये एका बाजूला सरकतं, गाळणी उघडी पडते आणि पंप हवा गिळतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग दाब पडतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की उरलेलं तेलही जाळतात. आमची गाडी फक्त वळणावर घसरत होती. प्लेटा खाऊन गेल्या असत्या तर तिने सपाट रस्त्यावरही, विशेषतः ठरावीक गिअरला, रडगाणं लावलं असतं.

माझ्या गाडीला तेलाची काडी आहे (नव्या बऱ्याच गाड्यांना नसते). पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गाडी गरम केली, सपाटीवर हँडब्रेक ओढून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवला, पी (पार्क) मध्ये आणला आणि इंजिन चालू ठेवूनच काडी काढली. खालच्या खुणेलाही तेल नाही, टोक जेमतेम ओलं. पांढऱ्या कागदावर थेंब टेकवला. रंग स्वच्छ लाल हवा, तो कोऱ्या चहासारखा होता. किंचित करपट वास, पण काळे कण नाहीत. जीव भांड्यात पडला.

पण तेल गेलं कुठे? गाडीखाली कधी डाग दिसला नव्हता, आणि दिसणार तरी कसा! अंगण चिऱ्याच्या लाल मातीचं, तेल लाल, आणि वर जूनपासून कोसळणारा पाऊस. महिनोन्‌महिने गाडी आमच्या डोळ्यांदेखत ठिबकत होती आणि आम्ही त्यावरून चपला घालून फिरत होतो.

लिटरभर तेल घातलं, टीव्हीचा खोका फाडून पुठ्ठा गाडीखाली सारला आणि इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. पुठ्ठ्यावर रुपयाएवढे तीन लाल ठिपके, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली. तिथे गिअरबॉक्सचं तेल थंड करायला नेणारा रबरी पाइप येतो. क्लिप सरकवून पाइप वाकवला तर क्लिपच्या खाली नखाने ओढल्यासारखी चीर. थंड असताना कोरडी, गरम होऊन दाब आला की पाझरायची.

साखळीतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर गाडी चढवली. दोन्ही पाइप बदलले, पॅन उतरवून गाळणी आणि गॅस्केट नवं घातलं. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. तो असतोच. चकचकीत चुरा निघाला असता तर मी पंच्याऐंशी हजारांचा विचार सुरू केला असता. खाली सोडलं की तीनेक लिटरच तेल येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून दोन दिवस गाडी चालवून परत एकदा तेल बदललं. तेल पुस्तकात दिलेल्या नंबरचंच घेतलं. दुकानदार "लाल तेल सगळं एकच" म्हणत दुसरा डबा पुढे करत होता. सगळं मिळून खर्च साडेआठ हजार.

शेजारच्या भाऊंनी हे ऐकून आपल्या गाडीचंही तेल बघायला सांगितलं. त्यांची एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. तिच्यात साध्या गाडीसारखी कोरडी क्लच प्लेट असते, फक्त पाय आपला नसतो. ती घसरत असेल तर काडी शोधून उपयोग नाही.

गाडी नवीन झाली असं नाही. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना काटा अजून किंचित उडी मारतो. प्लेटांनी थोडा मार खाल्लाच आहे.

नवव्या दिवशी परत चोर्ला. धुकं, लाइट लावलेल्या गाड्या, आणि प्रत्येक वळणावर बायकोची नजर रस्त्यावर नाही, काट्यावर. काटा हलला नाही. बेळगावात पोचल्यावर सासऱ्यांच्या अंगणात पहिलं काम म्हणजे डिकीतला पुठ्ठा काढून गाडीखाली सारला.

"जावईबापू, हे काय?" सासरे बघत राहिले.

रात्री आरती झाल्यावर बॅटरी घेऊन वाकून बघितलं. एक ओला डाग होता. बोट लावलं, वास घेतला. एसीचं पाणी.