म्हातारा आणि त्याचं टायगर मॉथ

आमचा म्हातारा गेला. आमचा म्हणजे, केंब्रिजजवळच्या गवताच्या धावपट्टीवर दर शनिवारी जमणाऱ्या आम्हा रिकामटेकड्यांचा.

त्याचं टायगर मॉथ पिवळंधमक होतं. डी हॅव्हिलंडचं हे शिकाऊ विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं, आणि दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी वैमानिक, आपल्या हवाई दलातलेसुद्धा, त्यावर हात बसवून पुढे गेले. म्हाताऱ्याच्या वाट्याला आला होता नुसता सांगाडा. पंखांवरचं कापड त्याने स्वतः शिवलं. टाके इतके एकसारखे, की माझ्या आजीने मान डोलावली असती. शर्टाची बटणं मात्र कायम तुटलेली!

या विमानाला स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवायचा. पहिल्या दिवशी मी पातं मुठीत घट्ट धरलं, तर त्याने फाडकन हातावर चापट मारली. ‘‘बोटं नुसती टेकव. खाली ओढ आणि मागे हो. परत हात पुढे नको.’’ नंतर त्याने मला पुढच्या सीटवर बसवलं, म्हणजे खरं तर मास्तरांच्या जागी. शिकाऊ माणूस मागे बसतो, एकट्याने उडवायचं तरी मागूनच. रबरी नळीतून त्याचा आवाज यायचा. निम्मं वाऱ्याने खाल्लेलं, उरलेल्या शिव्या.

इंजिन तेल गाळायचं. ‘‘गळायचं थांबलं की घाबर,’’ म्हणायचा.

परवा हँगरमध्ये गेलो. खालचा ट्रे भरत आला होता. रिकामा करून परत ठेवला.