सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन

आमच्या शाळेत वर्षाला चार झेंडावंदनं व्हायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. पुण्यात नोकरीला लागल्यावर ही चौथी तारीख सांगितली की लोक बघतच राहायचे. मराठवाड्याबाहेर ती फारशी कुणाच्या गावीच नाही! १५ ऑगस्ट १९४७ला देशभर तिरंगा चढला, तेव्हा आमच्याकडे निजामाची राजवट होती. तिरंगा फडकावला म्हणून त्याच दिवशी हैदराबादेत मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. निजामाची राजवट संपून भारतात यायला आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

हे कळलं ते इतिहासाच्या बाईंमुळे. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, एवढं गाइडातलं उत्तर घोकलं की आमचे मार्क पक्के. बाईंचं तेवढ्यावर समाधान नसे. १९२१च्या झेंड्यात पांढरा पट्टा वर, मधे हिरवा, खाली तांबडा होता आणि रंगांची वाटणी धर्मांनुसार होती. ती अनेकांना खटकली. १९३१मध्ये काँग्रेसने तांबड्याच्या जागी केशरी आणून तो वर नेला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही, असं स्पष्टच सांगून टाकलं. २२ जुलै १९४७ला संविधान सभेने झेंड्यावरच्या चरख्याऐवजी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र घेतलं, आऱ्या चोवीस. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखंच, हेही एक कारण होतं. इतक्या मोठ्या सभेत कुणी इतका व्यवहारी विचार केला, याचंच मला तेव्हा कौतुक वाटलं.

दहावीत पी.टी.च्या सरांनी झेंडा बांधायचं काम माझ्याकडे दिलं. घड्या घालायच्या, आत फुलांच्या पाकळ्या, वरून सुरगाठ. गाठ अशी हवी की वर टिकली पाहिजे आणि खालून एका हिसक्यात सुटली पाहिजे. केशरी पट्टा वरच आहे ना, हे सर स्वतः तपासत. कप्पी गंजकी, म्हणून आदल्या संध्याकाळी शिपाईमामा शिडी लावून तिला तेल घालत.

ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरचा झेंडाही चालतो. चालू दे, घरोघरी तो परवडतोही. पण तिरंग्याची खादी आपल्या उदगीरला विणली जाते आणि झेंडे नांदेडला तयार होतात. मग निदान मराठवाड्यातल्या शाळेवर तरी तोच असावा, असं मला वाटतं. यंदा सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची बॅच शाळेला नांदेडचा खादीचा झेंडा देणार आहे. कप्पीचं तेल मात्र शाळेने बघावं.