पहिल्या मजल्याखालची पिवळी पट्टी

2009 मध्ये माहीम ते दादर दरम्यान तुळशी पाइप रस्त्यालगतची रेल्वेची भिंत शेकडो हातांनी रंगवली, ती पाहून मी पहिल्यांदा स्प्रेचा डबा विकत घेतला. पुढील काही वर्षे मी स्वतःचे टोपणनाव बाणांच्या, काटकोनांच्या अक्षरांत, बहुधा रात्री आणि नेहमीच घाईने, भिंतींवर मारत हिंडलो. अखेर एका हवालदाराने चौकीत बसवून 1995 चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा कायदा समजावून सांगितला. त्यानंतर परवानगीच्याच भिंती घेऊ लागलो. नाव वाचता येणारे थोडे आणि रंगांकडे पाहणारे पुष्कळ, असे दिसल्यामुळे हळूहळू अक्षरे गळाली आणि कोन तेवढे उरले.

मुलुंडमधील एका जुन्या चार मजली इमारतीच्या नऊ मीटर रुंदीच्या बाजूच्या भिंतीवर त्रिकोणांचे काम करताना मात्र माझा भूमितीवरील विश्वास जरा हलला. सर्व त्रिकोण ज्या पिवळ्या पट्टीवर उभे राहणार होते, ती पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या कडेखाली होती. पाण्याच्या लेव्हल नळीने दोन्ही टोकांना खुणा केल्या, निळीत घोळवलेली दोरी ताणून सूत मारले आणि त्यावर टेप लावली. टेपच्या कडेवरून आधी खालच्याच पांढऱ्या रंगाचा हात फिरवायचा, म्हणजे जे काही आत झिरपेल ते पांढरेच झिरपते. मग पिवळा द्यायचा आणि तो पुरता सुकण्यापूर्वी टेप ओढायची. कड सुरीने कापल्यासारखी आली. स्प्रेच्या धुरकट कडांवर वाढलेल्या माणसाला याचे किती समाधान वाटते, ते सांगून कळणार नाही.

खाली चहा घेणाऱ्या आमच्या वयस्क रंगारीमामांनी हाक मारली, "अरे, तुझी पट्टी उजवीकडे चढलीय."

"मामा, नळीने काढलीय. सुतातच आहे."

"नळी वर चढून बघते. लोक खालून बघतात. तू ये आधी खाली."

समोरच्या पदपथावर गेलो तर मामांचे म्हणणे खरे होते. स्लॅबची कडच उजवीकडे खाली आलेली होती. डावीकडे तिच्यात आणि पट्टीत 40 सेंटीमीटर अंतर होते, उजवीकडे 33. सगळा उतार पट्टीला द्यावा, तर कोपऱ्यातील ओळंब्यात बसवलेल्या पाइपशेजारी ती लोंबलेली दिसली असती. म्हणून फक्त निम्मा, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, उतार द्यायचे ठरले. दुपारभर पट्टीवर पांढरे हात मारले आणि दिवस मावळताना पुन्हा सूत मारले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त स्थापत्य अभियंता, स्वतःची लेव्हल नळी घेऊन परांचीवर चढले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमची पट्टी साडेतीन सेंटीमीटर उतरलेली आहे."

मी त्यांना समोरच्या पदपथावर नेले. ते चष्मा काढून, पुन्हा लावून बराच वेळ पाहत राहिले, आणि उरलेले डबे झाकणे घट्ट लावून सोसायटीच्या कार्यालयात ठेवायला सांगून घरी गेले.