शोधात न सापडणारी मराठी

मराठी पान नेटवर आहे, उघडलं तर वाचताही येतं, पण शोधलं की सापडत नाही. दोष सर्च इंजिनच्या क्रमवारीला दिला जातो. घोळ बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी, अक्षरांपाशीच झालेला असतो.

आपण शोधतो तेव्हा सर्च इंजिन स्वतःच्या तयार सूचीत बघतं. क्रॉलरने, म्हणजे नेटवर फिरून पानं गोळा करणाऱ्या प्रोग्रामने, आणलेल्या पानांतले शब्द सुटे करायचे आणि प्रत्येक शब्दापुढे पानांची यादी ठेवायची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची १९९८ची पेजरँक, म्हणजे येणाऱ्या लिंकांवरून पानाचं वजन ठरवणं, ही सूचीत शिरल्यानंतरची गोष्ट.

कृतिदेव या जुन्या, युनिकोडच्या बाहेरच्या फॉन्टमधलं पान घ्या. डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, फाइलमध्ये मात्र ई, जे, के, मोठा बी आणि एच ही रोमन अक्षरं असतात. सूचीत तीच जातात. अशा फॉन्टांत अडकलेला मजकूर शोधणाऱ्यासाठी नसल्यातच जमा आहे, आणि हे नुकसान फार मोठं आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतही, खाचखळगे आहेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. दिसायला सारखंच, पण नेहमीचं युनिकोड प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं, हा फरक मिटवत नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली, जुन्या पानांत अ आणि चंद्र वेगळे आहेत.

त्यात सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. हिंदीतला ‘पर’ सुटा राहतो, आपला ‘ऊस’ मात्र ‘उसावर’ होताना पहिलं अक्षरही बदलतो. मूळ शब्द मिळावा म्हणून आंधळेपणाने प्रत्यय छाटले तर ‘चा’ प्रत्यय समजून ‘वाचा’चा ‘वा’ उरतो. मोठी इंजिनं आता अर्थावरूनही जुळवतात. लहान संकेतस्थळांच्या शोधपेट्या इथेच हरतात. मग मराठी माहिती असूनही शेतकऱ्याला हिंदी किंवा इंग्रजी पानावर भागवावं लागतं.

आपली पीडीएफ तपासायला मिनिटभर पुरतं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन कचरा आला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन आहे, ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून मजकूर बनवा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, त्यामुळे रूपांतराच्या चुका तिथेच साचतात. ‘कार्यालय’, ‘निर्मिती’, ‘वार्षिक’ असे शब्द शोधून डोळ्यांनी तपासा, मगच फाइल चढवा.