मुलुंडचा गोड वडा

मुलुंडच्या गल्ल्यावरच्या पोराचा फोन आला तेव्हा मी परळच्या भटारखान्यात वाटणाचे डबे तोलत होते. सकाळचे साडेआठ वाजले असतील. "ताई, रोजच्या आजोबांनी वडा परत दिला. गोड लागतोय म्हणाले." मी फोन ठेवेपर्यंत आणखी दोघांनी तेच सांगितलं होतं.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. मुलुंडची शाखा उघडून जेमतेम दोन महिने झाले होते. माझी तिसरी. पहिली परळला, 1996 सालची, दोन माणसं उभी राहिली की भरणारा गाळा. दुसरी दहा वर्षांनी गिरगावात. मुलुंडसाठी मात्र कर्ज काढलं होतं, त्यामुळे तिथला प्रत्येक परत आलेला वडा मला थेट कर्जाच्या हप्त्यात दिसायचा.

माझ्या आईची लालबागला गिरणी कामगारांची खानावळ होती. एका खोलीत, पाळीप्रमाणे, पंचवीस गडी जेवायचे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि आईची सावकाराच्या व्याजातून सुटका झाली. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले ते बहुतेक आलेच नाहीत. त्यांच्या उधारीची वही आईने शेवटपर्यंत ट्रंकेत जपली. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी 1966 साली वडापावची गाडी लावली असं सांगतात. संपानंतर गिरणीतले कितीतरी जण त्याच वाटेने कढईशी उभे राहिले. माझे वडीलही. मी धंद्यात पडले तेव्हा दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या: उधारी नाही, आणि अंदाजपंचे काही नाही.

म्हणून आमच्याकडे सगळं काट्यावर चालतं. आलं-लसूण-मिरचीचं वाटण परळला होतं आणि तिन्ही ठिकाणी वजन करून जातं. 10 किलो उकडलेल्या बटाट्याला 700 ग्रॅम. हळद, मीठ, लिंबू ठरलेलं. 2018 च्या जुलैपासून तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल परत परत तापलं की वाढतात ते) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचा नियम आला, तेव्हा ते मोजायचं यंत्रसुद्धा घेतलं. वाटण तेच, बेसन तेच, तेल तेच. मग चव फक्त मुलुंडला बिघडली तर उरतो कोण? आचारी.

दादा माझ्याकडे चौदा वर्षं होते. मुलुंडला गुजराती गिऱ्हाईक पुष्कळ, आणि मागे एकदा तेच म्हणाले होते, "ताई, इथे चिमूटभर साखर चालेल बघा." मी नाही म्हटलं होतं. ते वाक्य ट्रेनमध्ये बसल्यापासून माझ्या डोक्यात फिरत होतं. मुलुंडला उतरले ती तडक कढईपाशी गेले आणि चारही पोरांच्या देखत विचारलं, "साखर घातलीत ना, दादा?"

त्यांनी झारा बाजूला ठेवला. "नाही घातली."

"मग गोड कसा लागतो?"

ते काही बोलले नाहीत. हातातला घाणा पुरा काढला, वडे निथळले, पंचा खांद्यावर टाकला आणि चपला घालून निघून गेले. मी थांबवलं नाही.

दुपारचं सारण मी स्वतः केलं. बटाटे मी सोलले, वाटण मी तोललं, फोडणी मी घातली. साखरेचा डबा चहाच्या टेबलावर, लांब. पहिला वडा फोडून खाल्ला आणि घास तोंडातच राहिला. गोड. आलं-मिरचीच्या मागून येणारी, रताळ्यासारखी गोडी.

तेव्हा आई आठवली. बटाटे उकडून झाले की बाकीचे सोलायच्या आधी ती एक फोडून मिठाला लावून खायची. रोज. लहानपणी मला वाटायचं, तिला भूक लागलेली असते. मी एक कोरा बटाटा मिठाला लावून खाल्ला. गोड.

मुलुंडच्या गोण्या परळहून न आणता थेट वाशीच्या घाऊक बाजारातून, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागवायच्या, हा निर्णय माझा होता. टेम्पोचं भाडं वाचत होतं. त्याला फोन केला. तो सहज म्हणाला, "कोल्ड स्टोरेजचा माल आहे, ताई. आता जुना बटाटा तिथलाच." फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला बटाटा महिनोन्‌महिने दोन-चार अंशांवर ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. परळचा व्यापारी मला आंबेगाव-खेडकडचा नवा पावसाळी बटाटा देत होता. वजन दोन्हीकडे सारखंच होतं.

दोन उकडलेले बटाटे डब्यात घातले, मिठाची पुडी घेतली आणि भांडुपला गेले. दादा गाववाल्यांच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. बॅग भरून दाराशी ठेवलेली. ती बॅग बघितल्यावर पाठ केलेलं सगळं विसरले. डबा पुढे केला. त्यांनी बटाटा फोडला, अंगठ्याने दाबून बघितला, खाल्ला.

"कोल्डचा आहे. काल सोलतानाच शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत, दादा?"

"तुम्ही साखरेचं विचारलंत."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "इथे नको, ताई." मला कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, त्याच चार पोरांसमोर, कढईपाशी उभी राहून मागितली. पोरं खाली बघत होती. दादांनी मान हलवली आणि लगेच कामाचं बोलायला लागले. उरलेल्या चार गोण्या फेकायच्या नाहीत, माळ्यावर उघड्या पसरून दोन आठवडे ठेवायच्या, उबेला गोडी उतरते. तोवर परळहून बटाटा आणायचा.

भिंतीवरच्या रोजच्या तक्त्यात त्या दिवशी एक रकाना वाढवला, तेलाच्या आधी: बटाटा मिठाला लावून खाल्ला, कोणी. पहिली सही दादांची आहे. दुसरी माझी.