हूड रिव्हरचा वारा: अ‍ॅपवर विसंबून गॉर्जला जाऊ नका

फोनवरच्या अ‍ॅपने ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावी दुपारी ९ नॉट (ताशी सुमारे १० मैल) वारा दाखवला होता. पाण्यावर प्रत्यक्षात ताशी २५ मैलांचा वारा होता आणि मधूनमधून ३२ चे झोत. अ‍ॅप बघून साडेसहा चौरस मीटरची विंडसर्फची शिडं भाड्याने उचललेली मंडळी काठावरच्या हिरवळीवर बसून दुसऱ्यांची मजा बघत होती. म्हणून हा वृत्तांत धबधबे आणि व्ह्यू पॉइंटचा नाही. विंडसर्फ, काइट किंवा विंग (हातात धरायचं फुगवलेलं शीड) चालवणाऱ्यांपैकी ज्यांना वॉटर स्टार्ट येतो (पाण्यातून वाऱ्याच्या जोरावर बोर्डवर उभं राहता येतं), अपविंड म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने परत येता येतं, ज्यांच्याकडे स्वतःचा वेटसूट आणि हार्नेस आहे, त्यांनी कोलंबिया नदीच्या या घळीत, म्हणजे गॉर्जमध्ये, जाताना काय बघायचं, एवढंच इथे आहे. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनच्या मराठी मंडळींना तर हे दीड तासावर आहे, सकाळी आकडे बघून निघता येतं.

आधी अ‍ॅप का चुकतं ते. बहुतेक फुकट अ‍ॅप जीएफएस हे जागतिक मॉडेल दाखवतात. त्याची एक चौकट साधारण १३ किलोमीटरची. इथे नदी एक-दोन किलोमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंच्या भिंती काही ठिकाणी १,२०० मीटरपर्यंत चढलेल्या. त्या चौकटीत डोंगर आणि नदी एकत्र कालवले जातात आणि मॉडेलला घळ दिसतच नाही. अ‍ॅपमध्ये मॉडेल बदलायची सोय असेल तर एचआरआरआर लावा; ते ३ किलोमीटरचं आहे आणि दर तासाला नव्याने चालतं. वॉशिंग्टन विद्यापीठाचं डब्ल्यूआरएफ १.३३ किलोमीटरपर्यंत उतरतं, उद्याचा बेत ठरवायला तेच बरं. सरकारी अंदाज वाचताना एक खोच लक्षात ठेवा: हूड रिव्हरचा अंदाज पोर्टलंडचं कार्यालय देतं आणि द डॅल्सपासून पूर्वेचा पेंडलटनचं. दोन्ही वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. आणि इथे सगळे ताशी मैलांत बोलतात, नॉटमध्ये नाही. २५ मैल म्हणजे जेमतेम २२ नॉट. हा घोळ शिडाचा एक आकार चुकवायला पुरेसा आहे.

वारा येतो कुठून? कोकणात दुपारी जो खारा वारा सुटतो, त्याचाच हा राक्षसी भाऊ. उन्हाळ्यात पॅसिफिकवर जास्त दाब आणि गार हवा, तर कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला तापलेलं पठार आणि कमी दाब. अख्ख्या डोंगररांगेत समुद्रसपाटीच्या जवळपास असलेली वाट ही एकच, त्यामुळे सगळी हवा तिथूनच घुसते. पालघाटच्या खिंडीतला वारा अनुभवला असेल तर तत्त्व तेच. नदी पश्चिमेला वाहते आणि वारा पूर्वेला, म्हणून लाटा उभ्या राहतात आणि प्रवाह तुम्हाला वाऱ्याच्या तोंडाकडे नेत राहतो. यातच या जागेचं सुख आहे आणि खाली सांगितलेलं दुखणंही.

सकाळी उठल्यावर तीन विमानतळांचे दाब बघा: पोर्टलंड, द डॅल्स, पास्को. विमानतळाच्या हवामान-नोंदीच्या, म्हणजे मेटार संदेशाच्या, शेवटी 'एसएलपी' आणि तीन आकडे असतात. १५२ असेल तर १०१५.२ हेक्टापास्कल. पोर्टलंडमधून द डॅल्स वजा करा, मग द डॅल्समधून पास्को. स्थानिक अंदाजात हाच फरक पाऱ्याच्या इंचांत असतो, ०.१० इंच म्हणजे सुमारे ३.४ हेक्टापास्कल. पहिला फरक त्याच्या आसपास असेल तर हूड रिव्हरच्या पश्चिमेच्या पट्ट्यात लहान शीड काढावं लागणार हे धरून चाला. पहिला फरक नावापुरता आणि दुसरा मोठा असेल तर हूड रिव्हरला थांबून वेळ घालवू नका, पूर्वेला सुटा. आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. फरक तासागणिक वाढतोय की उतरतोय हे बघायला किमान तीन-चार तासांच्या नोंदी लागतात.

दुसरी खूण ढगांची. समुद्राकडून येणारा खालचा ढगांचा थर पोर्टलंडकडून घळीत शिरतो आणि कुठेतरी संपतो. जोर असतो तो त्या कडेच्या आसपास आणि तिच्या थोडं पूर्वेला. थर पातळ असेल आणि कड स्टीव्हन्सनजवळ असेल तर व्हिएन्टो, स्वेल सिटी आणि हॅचरी या पाण्यात उतरायच्या जागा जोरात. थर जाड होऊन हूड रिव्हरवरच ढग आणि भुरभुर असेल तर तिथला वारा फाटका होतो, म्हणजे १५ वर पडतो आणि ३० वर उसळतो. अशा वेळी लाइलच्या पुढचा डग्ज बीच, नाहीतर थेट रूफस. महामार्ग ८४ वरचे एक्झिट क्रमांक हे मैलांचेच आकडे आहेत, त्यामुळे हिशेब सोपा: व्हिएन्टो ५६, हूड रिव्हर ६३, रूफस १०९, आर्लिंग्टन १३७. हूड रिव्हर ते रूफस ४६ मैल, पाऊण तास. दुपारी बाराच्या सुमारास मधल्या पट्ट्यात वारा बऱ्याचदा बसतो आणि तीन-चारनंतर पुन्हा उठतो. तेव्हा सामान आवरून निघून जाणारे लोक संध्याकाळचं सत्र हमखास गमावतात.

आता हूड रिव्हरच्या काठावरच्या वाळूच्या पट्ट्याबद्दल, कारण याबद्दल कोणी धड सांगत नाही.

गावाच्याच नावाची हूड रिव्हर ही छोटी नदी कोलंबियाला मिळते तिथे नोव्हेंबर २००६ मध्ये माउंट हूडच्या हिमनदीकडून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने मोठा वाळूचा दांडा तयार केला. काइटवाले तिथूनच उडवतात. जागा मोकळी आणि मऊ, दिसायला झकास. पण हा भाग बॉनव्हिल धरणाच्या जलाशयात आहे आणि त्याची पातळी ७१.५ ते ७६.५ फुटांच्या दरम्यान हलवतात. पाच फूट! काल छातीइतकं पाणी होतं तिथे आज घोटा बुडत नाही. फॉइलचा (बोर्डाखाली पाण्यात असणाऱ्या पंखांचा) मास्ट, म्हणजे उभा खांब, ८५ सेंटिमीटरचा असेल तर बोर्ड उचलायच्या आधीच पुढचा पंख वाळूत रुततो आणि चालवणारा बोर्डाच्या नाकावरून पुढे जातो. त्यात गरम दिवशी वर हिमनदी वितळते आणि छोट्या नदीतून राखाडी गाळ येतो. तळ दिसतच नाही. नजरेने खोली ठरवू नका. धरणाच्या वरच्या अंगाची पातळी ऑनलाइन रोज मिळते, ती बघा आणि कालच्या आकड्याशी ताडून पाहा. मग बोर्ड आडवा धरून, फॉइल वर ठेवून, कमरेच्या वर पाणी येईपर्यंत चालत जा. उत्तरेकडची कड एकदम तुटते, तिथे पाय ठेवताना बोर्ड सोडायचा नाही. परत येतानाही तेच: फॉइलवर तरंगत काठाला यायचा मोह आवरा, बरंच आधी पोटावर झोपा.

आणि या दांड्याच्या डाउनविंडला, म्हणजे पूर्वेला, पूल आहे. १९२४ चा पोलादी पूल, खांबांवर खांब. वारा त्याच्याकडेच ढकलतो. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली असते तेव्हा हे जाणवत नाही. चांगल्या बर्फाच्या वर्षी ३ लाख क्युसेकहूनही जास्त पाणी येतं. (खडकवासल्यातून ४० हजार सोडले तर पुण्यात केवढी धावपळ होते ते आठवा.) तो प्रवाह तुम्हाला पश्चिमेला ओढत राहतो, नवशिक्याही जागेवर टिकतो आणि वाटतं, आपल्याला अपविंड जमायला लागलं. ऑगस्टअखेरीस विसर्ग दीड लाखाच्या खाली जातो. तोच माणूस, तोच वारा, आणि तिसऱ्या फेरीत तो पुलाच्या सावलीत. प्रवाह मंदावल्याने वाऱ्याचा जोरही कमी जाणवतो: ताशी २२ मैल वाऱ्याच्या तोंडावर २ मैलांचा प्रवाह असेल तर शिडाला २४ मिळतात, तो गेला की उरले २२. म्हणून ऑगस्टमध्ये शीड अर्ध्या मीटरने मोठं घ्या आणि द डॅल्स धरणाचा विसर्ग बघूनच उतरा. काइट पाण्यात पडून दोन प्रयत्नांत उठली नाही तर तिसरा करू नका. लगेच सुटका यंत्रणा ओढा, दोऱ्या गुंडाळा आणि काठाकडे पोहा. दोऱ्या पुलाच्या खांबाला लागल्या की खेळ संपला. ज्यांना ताशी १८ मैल वाऱ्यात प्रवाहाच्या मदतीशिवाय अपविंड जाता येत नाही त्यांनी दांड्यावरून ऑगस्टमध्ये निघूच नये. विंग आणि विंडसर्फवाल्यांनी हुकच्या, म्हणजे गावाच्या पश्चिमेच्या आडोशाच्या खाडीच्या, आतल्या संथ पाण्यात सराव करावा. कोणाला राग येईल, येऊ दे.

साधारण ७५ किलोच्या माणसासाठी अंदाज: ताशी २० मैलांना विंडसर्फचं शीड ५.३, काइट १० आणि विंग ५ चौरस मीटर. २५ ला ४.५, ८ आणि ४. ३० ला ४.०, ७ आणि ३ ते साडेतीन. सरासरी आणि झोत यांत १० मैलांहून जास्त अंतर असेल तर झोताकडे बघून निवडा. मेमध्ये ४/३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट आणि बूट हवेतच. जुलैच्या मध्यापासून ३/२ चालतो. हॅचरीला बूट कायम, कारण तिथे वाळू नाही, निसरडे धोंडे आहेत. काठाशी वारा मेलेला आणि पन्नास मीटरवर पूर्ण जोरात, म्हणून काठावरच्या वाऱ्यावर शीड ठरवू नका. लाटा मात्र तिथेच सगळ्यात देखण्या.

पैशांचं बघा. हूड रिव्हरच्या पुलाला दोन्ही दिशांना टोल आहे. दिवसातून दोनदा पलीकडच्या काठावर जायचं ठरवलंत तर चार वेळा भराल, आणि भाड्याच्या गाडीवर कंपनीची सेवा-आकारणी वर बसू शकते, करार वाचा. पोर्टलंडहून हॅचरी-स्वेललाच जायचं असेल तर महामार्ग २०५ चा पूल फुकट आहे, तिथून वॉशिंग्टनच्या काठाने १४ नंबरचा रस्ता. वळणं भरपूर, वेळ जास्त. डग्ज बीचसाठी द डॅल्सचा पूल, तोही फुकट. हूड रिव्हरच्या पुलावर एकेक लेन साडेनऊ फुटांहूनही कमी रुंद आहे. मोठी व्हॅन असेल तर आरसे जपा. हॅचरी आणि डग्ज बीच या वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कच्या जागा, डिस्कव्हर पास लागतो. दिवसाचा १० डॉलर. इव्हेंट साइटला, म्हणजे हूड रिव्हरच्या काठावर पाण्यात उतरायच्या जागी, उन्हाळ्यात पार्किंगचे पैसे पडतात आणि वाऱ्याच्या शनिवारी सकाळी दहानंतर जागा मिळेल याची खात्री नाही.

भाड्याच्या सामानाचा अनुभव कडू आहे. एका दुकानाने फॉइलच्या पुढच्या पंखाच्या कडेवर नखाएवढा चरा दाखवून भरपाई वसूल केली. विमा घेतला होता, पण 'तळाला आपटल्यास' हे कलम त्यातून वगळलेलं निघालं. आणि त्या दांड्यावर तळाला आपटण्याशिवाय दुसरं होतं काय? सामान घेताना पंखाच्या चारही कडा आणि टोकं काउंटरवरच फोटोत घ्या, दुकानदाराच्या देखत. दिवसात शिडाचा आकार बदलून मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, हे आधी विचारा. ज्या ठिकाणी बदलून मिळत नाही तिथून घेऊच नका, वारा दुपारी नक्की बदलतो.

धान्य वाहणाऱ्या बार्ज इथून जातात. त्या ढकलणाऱ्या टगबोटीला पटकन थांबता किंवा वळता येत नाही, आणि जवळून गेला की वारा अडतो; त्याच्यापुढून कधीही जाऊ नका. पाच आखूड भोंगे म्हणजे तुम्हालाच सांगितलंय. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून नदीत जाळी असतात. १८५५ च्या तहांनी यकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, युमाटिला आणि नेझ पर्स लोकांना मासेमारीचे हक्क आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची ओळ दिसली की लांबून वळसा घाला, आणि त्यांच्या मासेमारीसाठी राखलेल्या धक्क्यांवरून उतरू नका. डग्ज बीचला रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात. मालगाड्या वेगात असतात आणि वाऱ्यात आवाज येत नाही.

हूड रिव्हरचे मधले शांत दिवस गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रूफस मात्र! जॉन डे धरणाच्या खाली पाणी वेगाने निघतं, वारा समोरून येतो आणि डोक्याइतक्या लाटा एकामागून एक. साडेतीनचं शीडही मोठं वाटत होतं. सावलीला झाड नाही, पारा ३८ च्या पुढे जाऊ शकतो, माणशी चार लिटर पाणी गाडीत असू द्या. एकट्याने जाऊ नका.

पोर्टलंडला उष्णतेची लाट आली की मात्र घरीच बसा. कमी दाबाचा पट्टा डोंगराच्या पश्चिमेला सरकतो, फरक शून्यावर येतो किंवा उलटतो आणि हूड रिव्हरला आरशासारखं पाणी मिळतं. वणव्याचा धूर पसरला तरी वारा ढेपाळतो. लाट मोडते तेव्हा समुद्राची गार हवा एकदम आत ढकलली जाते आणि दाबांतला फरक एका रात्रीत वाढतो. सुट्टी टाकायची तर लाट मोडण्याच्या दुसऱ्या दिवसाची टाका, आणि सगळ्यात लहान शीड न विसरता गाडीत घाला.