खालून की खाऊन

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषधाची खिडकी दीड फुटाची, वर जाळी. बोलायचं तर बाईनं वाकायचं आणि मी मान तिरपी करायची. ज्यानं ही बांधली त्यानं गोळ्या हातात टेकवण्यापलीकडे विचार केला नसावा.

नऊ तारीख म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, गरोदर बायांची जत्राच. पाचव्या महिन्यातली एक पोरगी चिठ्ठी घेऊन आली: क्लोट्रिमॅझोल 100 मिलिग्रॅम, सहा रात्री. दह्यासारखं पांढरं जात होतं, खाज सुटली होती. एरवी हिरवी किट देतो, सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, गिळून मोकळी. गरोदरपणी फ्लुकोनॅझोल नको, म्हणून ही गोळी. तिच्या मागे बीपीच्या गोळ्यांना आलेले दोन आजोबा. मी आवाज खाली आणला, "रात्री झोपताना खालून घ्यायची." तिनं मान हलवली.

चौदा तारखेला आशाताई तिला घेऊन आली.

"तुमीच त सांगतलं ना मॅडम, खाऊन घ्याची. गयातून उतरे ना, मंग कुटून खाल्ली. पाच झाल्या. नुसती मयमय, अन् खाज काई जाईना."

खालून. खाऊन. माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग मला म्हणाले, "नीट सांगत जा." स्वतः चिठ्ठीवर नुसतं 'पी. व्ही.', म्हणजे योनीमार्गे, एवढंच खरडतात, ते सोडा.

या खेपेला तिला इंजेक्शनच्या खोलीत नेलं, दार लावलं. 'लघवीच्या जागी' म्हटलं की बाया लघवीचीच वाट शोधतात, म्हणून स्पष्ट बोलले: जिथून पाळी येते तिथं. हात धुवायचे, नखं काढलेली हवीत. गोळी पाण्यात जराशी ओली करायची, उताणं झोपून गुडघे वर, बोटानं जाईल तेवढी आत सारायची. खोक्यातली प्लास्टिकची नळी गरोदर बाईनं वापरायची नाही, बोटच बरं. सकाळी चुन्यासारखं पांढरं पडेल, ते औषधच. रोग वाढला असं समजायचं नाही. थोडी आग होईल. फारच आग झाली, सूज आली, अंगावर पुरळ उठलं तर थांबून इकडे यायचं. खाज गेली तरी सहाही संपवायच्या.

"येवढं त कोनी सांगतलंच नाई," ती म्हणाली.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

संध्याकाळी मी जुनं रजिस्टर काढून बसले. हीच गोळी दिलेल्या दोघी पुन्हा आलेल्या, त्यांच्या कागदावर 'फरक नाही', आणि पुढे दुसरं औषध. गोळ्या देणारी मीच, याच खिडकीतून. त्यांतली एक आशाताईच्याच गावची आहे. तिला विचारायला सांगितलंय, गोळी कशी घेतली होती. अजून निरोप नाही.